जामाचं झाड आणि जामाची जेली : वाचकांचे प्रश्न

थंडीत येणाऱ्या पत्रांत जामाचा विषय हटकून असतो. इंदूरकर ज्याला जाम म्हणतात, बडोदेकर जामफळ म्हणतात आणि पुण्याकडचे नातेवाईक पेरू म्हणतात, त्या एकाच फळाचे हे प्रश्न. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. झाडाचे आधी, स्वयंपाकघरातले नंतर.

प्रश्न : अंगणातलं जामाचं झाड 7 वर्षांचं आहे. पावसाळ्यात फांद्या वाकतात इतके जाम लागतात, पण पाणचट आणि किडके. हिवाळ्यात मात्र मोजून दहा-बारा. खत घालून पाहिलं, फरक नाही. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : खताचा दोष नाही. तुमचं झाड आपली ताकद चुकीच्या हंगामात खर्च करतंय, एवढंच.

जामाबद्दल एक गोष्ट पक्की समजून घेतली की निम्मे प्रश्न सुटतात. त्याला फूल येतं ते फक्त नव्या फुटीवर, कोवळ्या फांदीच्या पानांच्या बेचक्यात. जुन्या लाकडावर फूल येत नाही. म्हणजे नवी फूट कधी निघेल हे तुम्ही ठरवलं, तर फळ कधी मिळेल हेही तुम्हीच ठरवता.

आपल्याकडे झाड तीनदा फुटतं. फेब्रुवारी-मार्चच्या फुलांना आंबे बहार म्हणतात, त्याची फळं जुलै-ऑगस्टमध्ये. जून-जुलैच्या फुलांचा मृग बहार, त्याची फळं नोव्हेंबर ते जानेवारी. ऑक्टोबरचा हस्त बहार, फळं फेब्रुवारीपासून पुढे, पण थोडी. आंबे बहाराचं फळ ढगाळ हवेत आणि भरपूर पाण्यात घाईघाईने पिकतं, म्हणून गोडी धरत नाही. वर फळमाशीचाही तोच जोराचा काळ. मृग बहाराचं फळ थंडीत सावकाश पोसतं. साखर जास्त, क जीवनसत्त्व जास्त, कीड कमी. तेव्हा आंबे बहार मोडायचा आणि मृग बहार धरायचा.

मोडायचे तीन मार्ग आहेत. शेतकरी पाणी तोडून ताण देतात. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पाणी बंद ठेवलं की पानं गळतात आणि फुलं झडतात. मग बुंध्याभोवतीची माती हलकी चाळून जूनच्या तोंडाशी खत आणि पाणी द्यायचं. पण माळव्याची काळी माती ओल दीर्घकाळ धरते, आणि घरच्या झाडाला बहुधा मोरीचं किंवा शेजारच्या लॉनचं पाणी चोरून मिळतच असतं. त्यामुळे अंगणात ताण बसत नाही. आम्ही घरासाठी हा मार्ग सुचवत नाही.

दुसरा मार्ग युरियाच्या फवाऱ्याचा. एप्रिल-मेमध्ये निम्म्याहून अधिक फुलं उमलली की 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम युरिया, संध्याकाळी फवारायचा आणि 10 ते 15 दिवसांनी पुन्हा एकदा. फुलं जळतात, त्यांच्याबरोबर पुष्कळ पानंही करपून गळतात. घाबरू नका, ती परत येतात. शेजारच्या गुलाब-मोगऱ्यावर मात्र आधी जुनी चादर टाका. त्यांना हा फवारा सोसत नाही.

तिसरा मार्ग छाटणीचा, आणि 7 वर्षांच्या झाडाला तोच सगळ्यात बरा. मेच्या मध्यावर या वर्षीच्या कोवळ्या फांद्या निम्म्यावर कापा. फांदी दोन फुटांची असेल तर एक फूट जाईल. तिच्यावरची फुलं आणि बारीक फळंही जातील. जीव हळहळतो, पण हात आखडता घेऊ नका. जूनमध्ये कापाच्या खालून दोन-तीन नवे धुमारे निघतील आणि त्यांच्यावरच मृगाची फुलं धरतील. छाटणीनंतर भर उन्हात उघड्या पडलेल्या जाड फांद्यांची साल भाजते, म्हणून खोडाला आणि मोठ्या फांद्यांना चुना लावा. बोटाएवढ्या आणि त्याहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना 1 लिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरलीत तर मोरचूद तिलाच खाऊन टाकतं आणि औषधाचा जोर जातो.

खत घालायचं ते जूनमध्ये. बागायतीत पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 600 ग्रॅम नत्र, 300 ग्रॅम स्फुरद आणि 300 ग्रॅम पालाश अशा हिशेबाने देतात. पोत्याच्या भाषेत ते सुमारे 1.3 किलो युरिया, 1.9 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो पोटॅश. अंगणातल्या झाडाला याच्या निम्म्याने भागतं. सोबत दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत घाला. स्फुरद आणि पालाश एकदम, युरिया मात्र निम्मा जूनमध्ये आणि निम्मा सप्टेंबरमध्ये. हे सगळं बुंध्याशी घालू नका. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथे संपतो तिथे चर काढून घाला, कारण खाणारी मुळं तिथे असतात.

प्रश्न : वरून चकचकीत जाम कापला की आत अळ्या वळवळतात. फेरोमोन सापळा लावला, त्यात माशा मरतातही, तरी फळं किडतातच. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल फक्त नरांना ओढतं. आजूबाजूच्या चार बंगल्यांतून गाभण माद्या येतच राहतात. मोठ्या बागेत सगळीकडे सापळे असले तर उपयोग दिसतो, एकट्या अंगणात तो केवळ माशी आली आहे हे सांगणारा पहारेकरी.

फळ गदराईला, म्हणजे पिकायच्या बेतात आलं की मादी माशी सालीखाली अंडी घालते. टोचल्याचा ठिपका इतका बारीक की दिसत नाही. अळी आठवडाभर गर खाते, फळ गळतं, अळी बाहेर पडून मातीत कोष करते आणि काही दिवसांत नवी माशी. म्हणजे खरा कारखाना गळलेल्या फळांत आणि झाडाखालच्या मातीत आहे. रोज सकाळी पडलेली फळं वेचा. ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. काळ्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती पंधरवड्याने खुरप्याने वरवर हलवा, कोष उघडे पडून उन्हाने आणि साळुंक्यांनी संपतात.

उरलेल्या फळांना पिशवी बांधा. फळ लिंबाएवढं झालं की, त्याआधीही नको आणि नंतरही नको. फार लहान असताना बांधलं तर जे फळ निसर्गतः गळणार होतं त्याच्यावर मेहनत फुकट, फार उशीर केला तर अंडी आधीच आत. कागदाची किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी चालते. प्लास्टिकची असेल तर खालचे दोन्ही कोपरे कापा, नाहीतर आत पाणी साठून फळ सडतं. दोरी देठाला नाही, फांदीला बांधा. पोपट आणि खारींपासूनही हीच पिशवी वाचवते.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत जाम लागेल का? कोणती जात घ्यावी? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : लागेल, आणि चांगला लागेल. जामाला छाटलेलं आवडतं, म्हणून तो कुंडीत शहाण्यासारखा राहतो.

कुंडी किमान 18 इंची, जमलं तर कापलेला ड्रम, तळाला चार-पाच भोकं. ओल्या मातीने भरलेली एवढी कुंडी 90 ते 100 किलोच्या घरात जाते, तेव्हा ती भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. निव्वळ काळी माती भरू नका, ती उन्हात दगड होते आणि पावसात चिखल. दोन भाग माती, एक भाग जाडसर रेती, एक भाग शेणखत, आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड.

रोप गुटीचं (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं) किंवा कलमाचंच घ्या. लखनौ-49, म्हणजे सरदार, ही जात बसकी वाढते, फळ मोठं आणि गोड. नाव लखनौचं असलं तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंडीत झालेली आहे. आत गुलाबी गर हवा असेल तर लखनौच्या केंद्रीय संस्थेची ललित घ्या. जेलीला तिच्यासारखा रंग दुसरीला नाही. बिया कमी टोचाव्यात असं वाटत असेल तर अर्का मृदुला.

लावल्यावर शेंडा दोन फुटांवर कापा. चारही दिशांना एकेक अशा तीन-चार फांद्या ठेवा, त्या दीड फुटाच्या झाल्या की निम्म्यावर कापा, त्यांच्या फांद्यांचंही पुन्हा तेच. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाका. पहिल्या फळाच्या वर्षी दहा-पंधराच फळं ठेवा. लोभाने तीस ठेवलीत तर सगळी सुपारीएवढी राहतील. फळं लागलेली असताना एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळं गळतात किंवा तडकतात. दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये झाड काढून कडेची दोन इंच मुळं कापा आणि नव्या मातीत बसवा.

प्रश्न : गावाकडच्या बागेत पावसाळा संपता संपता एक झाड पिवळं पडलं आणि महिन्याभरात वाळलं. आता शेजारचं दुसरंही तसंच दिसतंय. (महू)

उत्तर : ही मर. फ्युजेरियमसारख्या मातीतल्या बुरशीमुळे मुळं आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडतात. आधी शेंड्याची पानं फिकट होऊन वळतात, मग एकेक फांदी वाळत जाते. धरलेली फळं कडक होऊन झाडावरच राहतात. पाणी तुंबलेल्या भारी जमिनीत आणि विम्लता (अल्कलीपणा) जास्त असलेल्या जमिनीत ती जास्त येते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते आणि पावसात आठवडाभर पाणी धरून ठेवते. बुरशीला आणखी काय पाहिजे?

पूर्ण वाळलेल्या झाडावर औषध नाही, दुकानदार काहीही सांगो. ते मुळासकट काढा, जाळा, खड्डा एप्रिल-मेचं ऊन खाऊ द्या आणि त्या जागी पुन्हा जाम लावू नका. सीताफळ चालेल. पिवळ्या पडलेल्या दुसऱ्या झाडाच्या वाळक्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत कापा, बुंध्याकडून बाहेर उतार राहील अशी माती चढवा आणि दोन ओळींमधून पाणी जायला चर काढा. 100 किलो ओलसर शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली पंधरा दिवस ठेवा आणि त्यातलं झाडाला 10 किलो, सोबत 1 ते 2 किलो निंबोळी पेंड, असं निरोगी झाडांनाही घाला. कोरड्या मातीत ट्रायकोडर्मा मरतो, तेव्हा घातल्यावर ओल हवीच. बुंध्याजवळ खोल कुदळ मात्र मारू नका. तुटलेल्या मुळातूनच बुरशी आत शिरते. नवी लागवड कराल तेव्हा फूट-सव्वा फूट उंचीच्या वरंब्यावर करा.

प्रश्न : मुलांसाठी एका कल्पित राज्याची दीर्घकथा लिहितो आहे. तिथलं मुख्य पीक जाम. राजाच्या बागेत बारा महिने जाम असतो, सैनिक महिनाभराच्या मोहिमेवर ताजे जाम नेतात आणि राजकन्या एक बी पेरून अगदी त्याच चवीचं झाड उगवते. यात काही चुकतंय का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : उडता घोडा खुशाल ठेवा, पण जामाच्या तीनपैकी दोन गोष्टी दुरुस्त करा, कारण ग्वाल्हेरच्या पोरांनी जाम खाल्लेला असतो.

बारा महिने जाम चालेल, फक्त माळ्याला काम द्या. बागेचे तीन भाग करून प्रत्येकाचा बहार वेगळ्या महिन्यात धरायचा. एका भागात छाटणी चालू, दुसऱ्यात फुलं, तिसऱ्यात फळं. फुलापासून पिकण्यापर्यंत साधारण चार ते पाच महिने जातात, तेवढं गणित कथेत सांभाळा.

महिनाभर ताजा जाम नाही टिकत. उघड्यावर तीन-चार दिवस, कडाक्याच्या थंडीत आठवडा. मग सैनिकांना जामाची वडी द्या. ती महिनाभर सहज टिकते आणि वजनाला हलकी. (कृती पुढे आहे, सेनापतीलाही जमेल.)

बीपासूनचं झाड आईच्या चवीचं निघेलच असं नाही, फळ यायलाही चार-पाच वर्षं. राजकन्येला गुटी बांधू द्या, दोन-तीन वर्षांत फळ आणि चव तीच. बियांचा उपयोग दुसरीकडे करा. त्या पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या आणि गुरांच्या पोटातून साबूत बाहेर पडतात आणि रुजतात. गॅलापागोस बेटांवर जाम असाच रानभर माजला आहे आणि तिथल्या मूळ झाडांना डोईजड झाला आहे. शेजारच्या शत्रुराज्यात आपोआप पसरणारं जामाचं रान, ही कल्पना तुम्हाला फुकट देतो. लाकूड चिवट असतं, अवजारांच्या दांड्यांना चालतं. आणि तुमचं राज्य कल्पित आहे तोवर ठीक, पण ते पुराणकाळच्या भारतात नेऊ नका. जाम मूळचा अमेरिका खंडाचा, आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला.

प्रश्न : गुटी घरी कशी बांधतात? (रामबाग, इंदूर)

उत्तर : जुलै-ऑगस्टमध्ये. पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची फांदी निवडा. शेंड्यापासून दीड फुटावर एक इंच रुंदीची साल चहूबाजूंनी गोल काढा आणि आतला बुळबुळीत थर कापडाने पुसून घ्या. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. बहुतेक गुट्या इथेच फसतात. वरच्या कापाला मूळ फुटायची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस भोवती बांधून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा. चार ते सहा आठवड्यांत मुळं दिसतात. लगेच कापू नका. खालच्या बाजूला निम्मी खाच द्या, आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा, निम्मी पानं काढून सावलीत पिशवीत लावा.

प्रश्न : माहेर बडोद्याचं. आई जेलीचा पाक थर्मामीटरवर 105 अंशाला उतरवते आणि जेली छान थरथरते. इंदूरला मी त्याच मापाने, त्याच 105 अंशाला उतरवते तर ती रबरासारखी होते. कधी उलट, जमतच नाही. (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : आईंचं माप बरोबर आहे, पण ते बडोद्याचं आहे. बडोदा समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, तिथे पाणी 100 अंशाला उकळतं. इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 98 अंशालाच उकळतं. जेली जमते ती पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा 5 अंश वर, म्हणजे इंदूरला 103 ला. 105 पर्यंत नेलं की साखर गरजेपेक्षा दाट होते, मग रबर. प्रत्येक वेळी आधी साधं पाणी उकळून तुमच्या थर्मामीटरचा आकडा बघा आणि त्यात 5 मिळवा. थर्मामीटर चुकीचा असला तरी हिशेब चुकत नाही.

‘जमतच नाही’ याचं उत्तर फळात आहे. जेली जमते ती पेक्टिन (फळातला रस घट्ट जमवणारा पदार्थ), आंबटपणा आणि साखर यांच्या मेळाने. पेक्टिन गदऱ्या जामात सर्वांत जास्त. पिवळा झालेला, घमघमणारा जाम खायला उत्तम आणि जेलीला निकामी. 1 किलोत पाऊण किलो गदरे आणि पाव किलो पिकलेले घ्या. पहिले जमवतात, दुसरे वास देतात.

सालीसकट पातळ चकत्या करा, बिया काढू नका. चकत्या बुडून वर बोटभर येईल इतकं पाणी, सुमारे सव्वा लिटर, आणि 2 ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा दोन लिंबांचा रस. मंद आचेवर अर्धा तास शिजवा, पळीने दाबा पण घोटू नका. दुहेरी पंच्यात ओतून रात्रभर टांगून ठेवा. पंचा पिळायचा नाही. पिळला की गर येतो आणि जेली गढूळ. ज्यांना राहवत नाही त्यांनी उरलेला चोथा चाळणीतून काढून वडीला वापरावा, त्यात अजून पुष्कळ जीव असतो.

आता रसात पेक्टिन किती आहे याचा कस बघा. चमचाभर थंड रसात दोन चमचे स्पिरिट घालून वाटी हलकेच फिरवा, दोन मिनिटं थांबा. एकच घट्ट गोळा आला तर 1 लिटर रसाला 1 किलो साखर. दोन-तीन मऊ गोळे आले तर 750 ग्रॅम. नुसतेच तुकडे तरंगले तर साखर घालू नका, रस आधी आटवा आणि पुन्हा बघा. ही वाटी चाखायची नाही, ओतून द्यायची. स्पिरिट विषारी असतं आणि गॅसपासून लांब ठेवायचं असतं.

साखर विरघळली की रस एकदा गाळा, मग मोठ्या आचेवर 15 ते 20 मिनिटं भराभर आटवा. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं तर पेक्टिनच मोडतं. पातेलं रसाच्या चौपट मोठं घ्या, फेस उसळतो. पळी उभी धरल्यावर शेवटचे दोन थेंब एकत्र येऊन पडद्यासारखे गळले की गॅस बंद. फेस काढा, गरम बाटलीत गरमच भरा आणि जमेपर्यंत बाटली हलवू नका.

बाटलीत जेलीला पाणी सुटत असेल तर आंबट जास्त झालं. तळाशी साखरेचे खडे येत असतील तर साखर जास्त किंवा आंबट कमी. पांढऱ्या जामाची जेली लालसर तपकिरी होणं हा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे.

प्रश्न : जामाची भाजी कधी लगदा होते, कधी कच्ची लागते, आणि बिया दातात अडकतात म्हणून मुलं खात नाहीत. (स्नेहनगर, इंदूर)

उत्तर : भाजीला दाबल्यावर जेमतेम दबणारा जाम घ्या. अर्धा किलो चौघांना पुरतो. चार फाका करून बियांचा गोळा चमच्याने काढा, पण टाकू नका. तो अर्धी वाटी पाण्यात कोळून चाळणीने गाळा. हे दाट पाणीच भाजीचा रस्सा बांधतं. मिक्सरला लावलात तर बिया फुटून सगळं रेतीसारखं कचकचेल.

दीड मोठा चमचा तेल, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, एक चमचा बडीशेप, हिंग, पाव चमचा हळद. फोडी टाकून दोन मिनिटं परता. एक चमचा तिखट, दीड चमचा धणेपूड, मीठ आणि ते गाळलेलं पाणी घालून झाकण ठेवा, सहा ते आठ मिनिटं. फोडी मऊ झाल्यावरच दोन चमचे गूळ. तुमच्या कच्च्या भाजीचं कारण बहुतेक इथेच आहे. गोड आधी पडलं की फोडी शिजायला हट्ट करतात. जाम जास्त गोड निघाला तर चिमूट आमचूर. ही माळवी पद्धत झाली. बडीशेपेऐवजी गोडा मसाला आणि चमचाभर खोबरं घातलं की तीच भाजी आजीच्या हातची होते.

पूर्ण पिकलेला जाम भाजीत वाया घालवू नका, त्याची कोशिंबीर करा. बारीक फोडी, दही, मीठ, चिमूट साखर, वर हिंग-जिऱ्याची आणि हिरव्या मिरचीची फोडणी. दही पानं घ्यायच्या वेळीच, आधी घातलं तर पाणी सुटतं. आणि नुसत्या फाकांवर जीरावन (इंदुरी चटपटीत मसाला) भुरभुरायचं असेल तर वेगळं मीठ नको, त्यात ते असतंच.

प्रश्न : जामाची वडी चिकट राहते, ताटातून निघत नाही. (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : पाच मिनिटं आधी उतरवता आहात. 1 किलो पिकलेले जाम पेलाभर पाण्यात 15 मिनिटं शिजवून चाळणीतून काढा. गर वजन करा. गराच्या तीन चतुर्थांश साखर, म्हणजे 800 ग्रॅम गराला 600 ग्रॅम. एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूट मीठ. जाड बुडाचं स्टीलचं किंवा कल्हईचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमला आंबट लागून रंग काळवंडतो. मध्यम आचेवर 35 ते 45 मिनिटं सतत ढवळा, अर्ध्या वाटेत ते उडून हात भाजतं म्हणून लांब दांड्याचा कालथा. शेवटी दोन चमचे तूप. गोळा कालथ्याबरोबर अख्खा फिरू लागला की एक थेंब ताटलीत गार करा. बोटांत वळला आणि चिकटला नाही तर झालं. तूप लावलेल्या ताटात बोटभरापेक्षा कमी जाडीचा थापा आणि रात्रभर उघडा ठेवा, कापायचं सकाळी. पावसाळ्यात ही वडी करू नका, हवेतली ओल ओढून ती पुन्हा चिकटते. गोव्याकडे पेराद म्हणतात ती हीच, फक्त तिथे साखर गराच्या बरोबरीने घेतात.

प्रश्न : कच्च्या फळांवर तपकिरी खरबरीत डाग पडतात. खावीत का? (मांजलपूर, बडोदा)

उत्तर : डाग बहुधा सालीपुरतेच असतात, साल काढून खाता येतं. पुढच्या हंगामात फळं गोटीएवढी असताना 1 टक्का बोर्डो मिश्रण पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा आणि आतल्या दाट फांद्या विरळ करा. डागांबरोबर फळ तडकतही असेल तर बोरॉनची उणीव आहे. फुलं यायच्या आधी 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम बोरॅक्स.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेले जाम बाहेरून तपकिरी होतात आणि पिकतच नाहीत. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : गार हवेने भाजलेत. जामाला 8 ते 10 अंश मानवतं, 5 च्या खाली साल काळवंडते आणि पिकणं थांबतं. गर्द हिरवे जाम फ्रिजमध्ये ठेवूच नका. रंग पोपटी-पिवळसर होऊ लागला की देठ आणि एक पान ठेवून तोडा, बाहेर पिकू द्या. पिकल्यावर कागदात गुंडाळून फ्रिजच्या सर्वांत खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवा. कापलेल्या फाका ठेवायच्या असतील तर लिंबू चोळून बंद डब्यात, तेही त्याच दिवशी संपवायच्या. दूध, लोणी यांच्या शेजारी उघडा जाम ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी चहालाही जामाचा वास येईल.